पाणावलेले डोळे, दोन कॉलम

“रडली म्हणू, की डोळे पाणावले म्हणू?” मी विचारलं.

“पाणावले,” गुळवणी सर म्हणाले. “रडली म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी रडवलं. पाणावले म्हटलं की कुणावरच काही येत नाही.”

मी ‘पाणावले’ लिहिलं.

शनिवारची सकाळ होती, साडेदहा वाजले होते. कार्यक्रम दुपारी चारचा. म्हणजे जिचे डोळे पाणावले ती बाई त्या वेळी आपल्या घरी भाकऱ्या थापत असणार. आमच्या ऑफिसात मात्र ती कार्यक्रमाला येऊन, शिलाई मशीन स्वीकारून, आभार मानून घरी परतलीसुद्धा होती.

यात मला तेव्हा काहीच वावगं वाटत नव्हतं. जिल्ह्याची पानं संध्याकाळी लवकर लागतात, म्हणून प्रेसनोट सकाळीच जायची आणि ती भूतकाळातच लिहायची, हा धंद्याचा रिवाज. ‘उत्साहात पार पडला’ हे आम्ही मांडव घालण्याआधी लिहायचो. एकदा प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं भाषण छापून आलं आणि ते त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी फोन करून कात्रण मागवलं.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरात ‘सुवार्ता जनसंपर्क’ नावाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी तीन वर्षं नोकरीला होते. विद्याधर गुळवणी मालक, मी एकटी सहायक, एक फॅक्स मशीन आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं एक शिलाई मशीन, ज्यावर मी दुपारी डबा ठेवून जेवायची. माझं खरं काम कात्रीचं. सात वर्तमानपत्रं रोज चाळायची, आमच्या ग्राहकांचं नाव जिथे असेल ते कापायचं, चिकटवायचं, स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. कॉलम गुणिले सेंटिमीटर. चांगली बातमी हिरव्या पेन्सिलीनं, वाईट लाल, धड ना चांगली ना वाईट ती करड्या. दर सोमवारी त्याचा एका पानाचा तक्ता व्हायचा. सरांनी त्याला नाव दिलं होतं ‘आठवड्याचा कल’.

मला तो तक्ता आवडायचा, खोटं कशाला बोलू? माणसं मला सेंटिमीटरमध्ये दिसायला लागली होती. लग्नात कुणी ओळख करून दिली की मनात यायचं, हा फार तर सहा सेंटिमीटर, आतलं पान.

आमचा सगळ्यात मोठा ग्राहक ‘मौजसागर’. हायवेला लागून असलेला वॉटर पार्क. घसरगुंड्या, कृत्रिम लाटा, शाळांच्या सहली. मालक रणधीर शेडबाळे. हा माणूस स्वतःच्या वाढदिवसाला एकशे नव्वद सेंटिमीटर भरायचा, आणि भरला नाही तर सरांना फोन करून विचारायचा, “काय गुळवणी, यंदा मी जन्मलोच न्हाई काय?”

त्याच मौजसागरमध्ये त्या आठवड्याच्या सोमवारी सर्जेराव हुजरे नावाचा माणूस मेला. तळसंगी गावचा, वय अडतीस. सोमवारी पार्क बंद असतो. कंपनीचं म्हणणं, हा माणूस सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन आत शिरला आणि पोहताना बुडाला. त्याच्या बायकोचं म्हणणं, तो कामावर होता, पंपाच्या खोलीत होता आणि शॉक लागून मेला. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत चार पेपरांनी बायकोचं म्हणणं छापलं. चौतीस सेंटिमीटर. मौजसागरच्या पानावर मी पहिल्यांदा लाल पेन्सिल टेकवली.

“चूक त्याची होती हे यायला हवं,” त्या शनिवारी सर माझ्या खुर्चीमागे उभं राहून सांगत होते, “पण आपण म्हणायचं नाही. कंपनीनंही म्हणायचं नाही.”

“मग कोण म्हणणार?”

“ती.”

मी हसले. सांगून टाकते, हसले. चलाखीला दाद देणारं हसू होतं ते. मग मी लिहिलं : ‘“माझ्या पतीच्या हातून चूक घडली. कंपनीविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. या मशीनवर शिवणकाम करून मी मुलांना वाढवीन,” असे सांगताना श्रीमती मालन हुजरे यांचे डोळे पाणावले.’

“वा,” सर म्हणाले. “किणीकर, तुझ्या हाताला चव आहे.”

दहा चाळीसला सातही पेपरांना फॅक्स गेला.

चार वाजता मौजसागरच्या फाटकाशी मांडव होता. पंचवीस खुर्च्या, त्यावर तिकीट खिडकीवरचे आणि कॅन्टीनचे लोक बसवलेले. टेबलावर लाल रिबीन बांधलेलं शिलाई मशीन. ते आमच्याच ऑफिसातलं होतं. सकाळी टेम्पोतून गेलं होतं, माझ्या डब्याचा तेलाचा डाग पुसून. याआधी ते एका महिला मंडळाला आणि दोन विधवांना देऊन झालं होतं. दरवेळी फोटो झाला की परत यायचं. ‘मशीन बुक केलंय, चार दिवसांत घरपोच येईल’ असं सांगितलं जायचं. पुढे ते जायचं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याला तक्त्यात रकानाच नव्हता.

मालन हुजरेला आणायला गाडी पाठवली होती. साडेचारला गाडी रिकामी परत आली.

“काय झालं?” सरांनी ड्रायव्हरला विचारलं.

“येत न्हाई म्हणाली. मशीन नको म्हणाली. सोमवारचं हजेरीचं पुस्तक दाखवा, मग येतो म्हणाली.”

शेडबाळे शेठ पांढऱ्या बुटांनी मांडवातली फरशी ठोकत होते. “एवढं करून बी माज बगा! आन मला तिकडं येत्या सोमवारी पंप धुवायला दुसरा माणूस शोधायचा हाय. सर्ज्याला नुस्ता निरोप धाडला की हजर व्हायचा. सुट्टी बिट्टी काय म्हणायचा न्हाई.”

ते हे माझ्यासमोर बोलले. हातात वही असलेल्या मुलीसमोर. मी त्यांच्या लेखी माणूस नव्हते, पट्टी होते. पट्टीसमोर कोण जपून बोलतं?

फोटोग्राफर म्हणाला, “सर, मला सहा वाजता एक साखरपुडा आहे.”

गुळवणी सरांनी घड्याळ पाहिलं. मग मशीन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

पाचला दहा कमी असताना फोटो निघाला.

रविवारी सातपैकी सहा पेपरांत बातमी आली. दोन कॉलम, फोटोसकट. फोटोत शेडबाळे शेठ समोरून, हात जोडून, चेहऱ्यावर श्राद्धाला शोभेल असा गंभीरपणा. पुढ्यात मशीन. आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून, डोक्यावर पदर घेतलेली, उजवा हात मशीनवर टेकवलेली बाई. खाली ओळ : ‘मदत स्वीकारताना श्रीमती हुजरे.’ सोमवारी सकाळी मी बेरीज केली. हिरवं दोनशे बारा, लाल चौतीस. तक्त्याच्या तळाशी मी लिहिलं, ‘कल : अनुकूल.’

बाराच्या सुमाराला ती आली.

दारात चपला काढल्या. तिशीची असेल, रापलेली, काटक. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेला रविवारचा पेपर. तिनं तो सरांच्या टेबलावर पसरला आणि तळहातानं सपाट केला.

“मी मालन हुजरे. हे कुणी लिवलंय?”

सर क्षणभरही डगमगले नाहीत. असं न डगमगणं ही त्यांची कमाई होती. “बसा ताई. पाणी घ्या. बातमी वर्तमानपत्रवाले लिहितात, आम्ही नाही.”

“त्येंच्याकडनंच आले. त्ये म्हणाले, कागद तुमच्याकडनं आला.”

“आम्ही फक्त पोचवतो. पोस्टमनसारखे.”

“मग पत्र कुणाचं?”

सर हसले. “ताई, यात वाईट काय आहे? तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय. लोकांना सहानुभूती वाटेल.”

“मी गेलेच न्हवते तितं.”

“तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल.”

“माझ्या घरात दोन पोरं हाईत आन एक म्हातारी. म्हातारीला उटता येत न्हाई.” तिनं फोटोवर बोट ठेवलं. “ही बाई कोण?”

“आता पाठमोऱ्या फोटोवरून कसं सांगणार?” सर उठले. “मला रोटरीच्या बैठकीला जायचंय. किणीकर, ताईंना चहा दे.” जाताना ते माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, “परवा चौकशी आहे. तोवर गोडीत ठेव.” आणि जिना उतरून गेले.

चौकशीचं मला ठाऊक होतं. बुधवारी सरकारी साहेबांसमोर दोन्ही बाजूंची माणसं बसणार होती आणि सर्जेराव कामावर मेला की दारू पिऊन मेला, हे ठरणार होतं.

“शेटच्या माणसानं कालच गावात येऊन सांगितलं,” मालन म्हणाली. मला सांगत होती की स्वतःला, कळत नव्हतं. “म्हणाला, बुदवारी ह्यो पेपर साहेबाम्होरं ठेवणार. तुज्याच तोंडचं हाय म्हणाला, नवऱ्याची चूक झाली म्हणून. आवं, उभ्या जन्मात त्या माणसानं दारू शिवली न्हाई. सोमवारी पार्क बंद असतंय, म्हणून तर सोमवारी पंप धुत्यात. हे येवढं बी कळंना व्हय कुणाला?”

तिची नजर ऑफिसभर फिरत कोपऱ्यात गेली. टेम्पोवाल्यानं मशीन आणून ठेवलं होतं. कापड अर्धवट सरकलं होतं आणि लाल रिबीन तशीच होती.

ती उठून गेली. कापड बाजूला केलं. फोटो पाहिला, मशीन पाहिलं.

“ह्येच की.”

“हो,” मी म्हटलं.

“मी चुरमुऱ्याच्या भट्टीवर जातो. सुईत दोरा वोवायला मला शेजारणीला हाक मारावी लागतीय. आन मी शिवणकाम करून पोरं वाढवणार व्हय?”

मला तिथून हलायचं होतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, “थांबा, फाईल बघते,” आणि कपाटाकडे वळले. मौजसागरची फाईल वरच्या फळीवर असायची. मी उजवा हात वर केला.

मागून ती म्हणाली, “बाई, तशाच थांबा.”

मी थांबले.

मी घड्याळ उजव्या हातात घालते. डावखुरी आहे म्हणून. साताठ वर्षांची सवय, चामड्याचा रुंद पट्टा. शनिवारी मांडवात सरांनी मला पदर डोक्यावर घ्यायला सांगितला होता, बांगड्या उतरवायला लावल्या होत्या, टिकलीसुद्धा काढायला लावली होती, जी कॅमेऱ्याला दिसणारही नव्हती. घड्याळाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सर, फोटोग्राफर आणि मी, तिघंही असल्या गोष्टींत मुरलेली. सहा पेपरांच्या सहा उपसंपादकांनाही दिसलं नाही. मी स्वतः ते फोटो कापले, मोजले, चिकटवले, आणि मला दिसलं नाही, कारण मी फोटोची फक्त लांबी-रुंदी बघत होते.

“मला घड्याळ कळत न्हाई,” मागून मालनचा आवाज आला. “म्हणून घरात बसून सारका त्यो हातच बगत हुते. कुणाचा म्हणून.”

मला वाटलं, आता ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून बसली.

“माझी बांगडी कुणी फोडली ठावं हाय? माझ्या नणंदेनं. दगडानं. तुमी तुमच्या हातानं उतरवून ठेवलासा न्हवं? कुटं ठेवलासा?”

“पर्समध्ये.”

“फोटो झाल्यावर घातलासा?”

“हो.”

तिनं मान हलवली. हिशेब लागल्यासारखी. मी इतकी वर्षं लोकांना मोजत होते; मला असं कुणी मोजलं नव्हतं.

“लिवायचं काम तुमचंच न्हवं?” ती म्हणाली. “मग आता मी सांगतो त्ये लिवा.”

मी सुवार्ताचं लेटरहेड घेतलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. हात सवयीनं चालायचा. ‘असे सांगताना त्यांचे डोळे’ एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात तिनं विचारलं, “काय लिवताय?” मी वाचून दाखवलं.

“त्ये काडा. मी रडले न्हाई. रडले तर घरात रडीन.”

मी काढलं. दीड वाजता सातही फॅक्स गेले. त्याच क्रमानं, ‘कृपया प्रसिद्धीसाठी’ या त्याच ओळीखाली. मला पक्कं माहीत होतं काय होणार ते. सुवार्ताकडून आलेला कागद कुणी वाचत नसे. मथळा बघायचे, पानावर जागा बघायचे आणि लावायचे. तीन वर्षं मीच त्यांना ती सवय लावली होती.

मंगळवारी तीन पेपरांत आलं. एका पेपरनं तर कमाल केली. ‘मी कार्यक्रमाला गेले नाही, मशीन घेतले नाही, पती कामावरच मरण पावला’ या बातमीशेजारी त्यांनी शनिवारचाच फोटो लावला. खाली तीच ओळ : ‘मदत स्वीकारताना श्रीमती हुजरे.’

सर आले तेव्हा मी पट्टी घेऊन बसले होते.

“हे काय आहे?”

“अठ्ठावन्न सेंटिमीटर. लाल.”

“किणीकर, लेटरहेड माझं आहे!”

“आणि पाठ माझी.”

त्यांचा चेहरा रागानं लाल होईल असं वाटलं होतं. झाला नाही. ते फक्त दमल्यासारखे खुर्चीत बसले, आणि तेच मला जास्त झोंबलं. “शेडबाळेंचा सकाळपासून चार वेळा फोन आला. तुला काय वाटतं, तू त्या बाईचं भलं केलंस? अगं, एकाच ऑफिसातून दोन कागद गेले. एक म्हणतो आली होती, एक म्हणतो नव्हती. साहेब दोन्ही बाजूला ठेवतील. उरतो फोटो. आणि लोक कागदावर नाही, फोटोवर विश्वास ठेवतात. हे तुला मीच शिकवलंय.”

“तुम्ही सांगा ना त्यांना, फोटोत कोण आहे.”

“तू वेडी आहेस का?” मग आवाज मऊ करून, “हे बघ, ज्योत्स्ना. माणूस गेला, तो काही परत येणार नाही. पार्क बंद पडला तर तिथले साठ जण घरी बसतील. त्यांचं कोण बघणार? तू?”

हाही एक मसुदाच होता. मी तो त्यांच्यासाठी दोन वेगवेगळ्या ग्राहकांना दोनदा टाइप केला होता, फक्त आकडा बदलून. मला तेव्हा जो राग आला तो आजही उतरलेला नाही. सरांवर होताच. पण त्या वाक्याला जागेवरच ओळखणाऱ्या, त्यातला स्वल्पविरामसुद्धा आठवणाऱ्या माझ्यावर जास्त.

“उद्यापासून येऊ नकोस,” ते म्हणाले.

“उद्या तसंही मला दुसरीकडे जायचंय,” मी म्हटलं. सोमवारची वाट न बघता त्या आठवड्याचा तक्ता केला, टेबलावर ठेवला. तळाशी लिहिलं : ‘कल : खरा काय, ते उद्या कळेल.’ तीन वर्षांत मी त्या रकान्यात लिहिलेलं ते पहिलं न विचारलेलं वाक्य.

बुधवारी मी शनिवारचीच साडी नेसले. आईनं विचारलं, “अगं, परवाच तर नेसली होतीस. न धुता?” मी म्हटलं, “तशीच हवी आहे.”

चौकशीची खोली छोटी होती. साळोखे नावाचे साहेब, त्यांच्याशेजारी लिहून घेणारा कारकून. एका बाकावर शेडबाळे शेठ, त्यांचे वकील आणि गुळवणी सर. दुसऱ्या बाकावर मालन एकटी. मी मागे उभी राहिले. सरांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच दार दाखवलं.

वकिलांनी रविवारचे सहा पेपर टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. “साहेब, बाईंनी जाहीर कार्यक्रमात चूक मान्य केली. मदतही घेतली. आता कुणाच्या तरी सांगण्यावरून शब्द फिरवतायत.”

साळोखेंनी मंगळवारचा पेपर उचलला. “यात तर त्या म्हणतात, मी गेलेच नाही.”

“आणि शेजारी फोटो बघा ना साहेब!” शेठना हसू आवरेना. “न गेलेल्या बाईचा फोटो निगतोय व्हय?”

कारकूनही हसला. साहेबांनी चष्म्यावरून मालनकडे पाहिलं. “बाई, हा फोटो तुमचा नाही?”

“न्हाई.”

“मग कुणाचा?”

मालननं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिनं माझं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. तिला माझं नाव ठाऊकच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी तिच्या तोंडी तीन वाक्यं घातली होती, आणि तिला माझं नाव सांगितलं नव्हतं.

मी पुढे झाले.

“ही आमच्याकडून काढून टाकलेली मुलगी आहे, साहेब,” गुळवणी सर उठत म्हणाले. “कालच. रागात आहे.”

“आहे,” मी म्हटलं, आणि टेबलासमोर जाऊन सगळ्यांकडे पाठ केली.

या वेळी पर्समध्ये काही काढून ठेवायचं नव्हतं. बांगड्या मी घरीच ठेवून आले होते. डोक्यावर पदर घेतला. मान थोडी खाली, फोटोग्राफरनं सांगितली होती तेवढी. समोर भिंतीला लागून लोखंडी पेटी होती, मशीन असतं त्या उंचीची. तिच्यावर मी उजवा हात टेकवला.

मागे कागद उचलल्याचा आवाज झाला. साहेब उठून जवळ आले असावेत, कारण फोटो असलेला पेपर माझ्या खांद्याशेजारी फडफडला. शेठचे बूट तेवढे फरशीवर एकदा वाजले.

“काठ तोच,” साळोखे म्हणाले. “आणि हे घड्याळ...”

“माझं आहे. मी डावखुरी आहे.”

“नाव?”

“ज्योत्स्ना दत्तात्रय किणीकर. बातमीतली तिन्ही वाक्यं मी लिहिली. कार्यक्रम चारला होता. बातमी सकाळी दहा चाळीसला पाठवली. फॅक्सची पावती फाईलला आहे, मी सगळं फाईलला लावते. आणि सर्जेराव हुजरे सोमवारी कामावर होते. शेडबाळे शेठनी माझ्यासमोर सांगितलं, पंप धुवायला नुसता निरोप धाडला की तो हजर व्हायचा, सुट्टी बिट्टी म्हणायचा नाही.”

“खोटं हाय!” शेठ ओरडले. “मी कवा हिच्याशी बोललो?”

“माझ्याशी नाही बोललात,” मी पेटीकडे पाहतच म्हटलं. “माझ्यासमोर बोललात.”

“पुरे,” साहेब म्हणाले. खुर्ची करकरली. “शेडबाळे, पंपाच्या खोलीची नोंदवही आज संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर. नाही आली तर मी स्वतः न्यायला येतो. गुळवणी, तुम्ही बसा, तुमचा जबाब व्हायचाय.” मग कारकुनाला, “बाईंचं म्हणणं नव्यानं घ्या. पहिल्यापासून. बोला बाई.”

मालन उठल्याचं मला कळलं. बाक हलला.

“सर्जेराव आनंदा हुजरे,” ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, लिहिणाऱ्याला वेळ देत. “पंपावर कामाला. असं लिवा. आदी बी कामाला हुता, आन मेला त्या सोमवारी बी कामालाच हुता, असं लिवा.”

पेनाचा आवाज येत राहिला. मी तशीच उभी होते, पदर डोक्यावर, हात पेटीवर. कुणी मला हलायला सांगितलं नव्हतं आणि मला आपणहून वळायचं धाडस होत नव्हतं.

“बाई,” मालन म्हणाली. “फिरा आता. तोंड बगू दे त्यास्नी.”